आवणीला एक माणूस

भाड्याचं घर सोडताना माणूस कपाटं रिकामी करतो, भिंतीतले खिळे काढतो, लाइटबिलाचं काय ते मिटवतो. किस्से मात्र बांधावे लागत नाहीत. ते टेंपोत आपोआप चढतात आणि नव्या घरात आपल्या आधी जागा धरून बसतात! जनाकाकींच्या चाळीत राहिलेले आम्ही दोघंतिघं कुठेही भेटलो, अगदी कर्जतच्या भाजीबाजारात, तरी एकानं "आठवतं का गं..." म्हणायचा अवकाश. घरी पोचेपर्यंत कोथिंबीर मान टाकते.

चाळ कर्जतच्या बाहेर, खोपोलीला जाणाऱ्या रस्त्याला लागून. चाळ आपली म्हणायची. ओट्यांना ग्रॅनाइट होतं, संडास घरात होता. एका ओळीत खोल्या, प्रत्येक खोलीला मागचं दार आणि मागचं दार उघडलं की सरळ भाताचं शेत. मालकीण जनाकाकी. त्यांचा मुलगा नितीन, जागांचे व्यवहार करणारा. मी कर्जतला एका लॅबमध्ये रक्त काढते आणि माझा नवरा महेश खोपोलीला कारखान्यात आहे. आम्ही दोघंही लातूरकडचे. भात आम्ही फक्त ताटात बघितलेला.

*

खोली शोधताना लोक काय काय विचारतात, त्यावर एक वेगळं पुस्तक होईल. फॅमिली ना? नॉनव्हेज करता का? पाहुणे फार येतात का? एका मालकांनी विचारलं, "मुलं रडतात का?"

महेश म्हणाला, "मुलं नाहीत अजून."

"होणार आहेत का?"

महेशनं माझ्याकडे बघितलं. आम्ही त्यांच्या जिन्यावरूनच परत फिरलो.

जनाकाकी मात्र वेगळ्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात विळा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कंबर दुखती का गं तुजी?"

मला भरून आलं. इतक्या घरमालकांत माझ्या तब्येतीची चौकशी करणारी ही पहिलीच बाई! म्हटलं, "नाही काकी."

"आनि ह्याची?"

"त्याचीही नाही."

"मग हाय खोली. बाकी आमची काय अट नाय. फकस्त आवनीला खोलीमागं एक मानूस पायजे."

महेश खूष होऊन म्हणाला, "एक कशाला काकी? आम्ही दोघंही येऊ!"

परत जाताना रिक्षात मी विचारलं, "अवनी कोण रे?"

"नात असेल त्यांची," महेश म्हणाला. "वाढदिवस असेल."

*

आता काकींच्या बोलण्यात 'ण' नाही, हे आम्हाला कोण सांगणार? पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. आणि भाताची रोपं उपटून शेतात लावतात त्याला इकडे आवणी म्हणतात, हे लातूरच्या माणसाला कळायचं कसं?

आषाढात एका संध्याकाळी काकी दारात आल्या. "उद्या आवनी हाय. सकाळी लवकर ये रं."

महेश तसाच बाजारात गेला. मुलीचं वय माहीत नव्हतं, म्हणून जरा मोठ्या मापाचा गुलाबी फ्रॉक घेतला, झालरीचा. चमकत्या कागदात बांधून आणला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं आणि काकींच्या घरी गेला. घराला कुलूप! मागून गलका ऐकू आला म्हणून तो शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. समोर काकी गुडघाभर चिखलात, बाजूला चाळीतली सगळी बिऱ्हाडं वाकलेली.

महेशनं गिफ्ट पुढे केलं. "काकी, अवनी कुठाय?"

काकींनी कंबर सरळ केली. "ही काय रं, तुज्यासमोर पसरलीय! उतर खाली!"

इस्त्रीचा शर्ट त्या दिवशीच संपला. फ्रॉक मात्र वाया गेला नाही. भात पोटरीला येऊन दाणा धरायला लागल्यावर काकींनी तो बुजगावण्याला घातला. त्या वर्षी अख्ख्या शिवारात झालरीचा फ्रॉक घातलेलं एकच बुजगावणं होतं, आणि ते आमचं होतं!

*

या अटीमागची गोष्ट मला नंतर खुद्द नितीननंच सांगितली.

काका गेल्यापासून तो आईच्या मागे लागला होता. आजूबाजूची शेतं जात होती, कुठे बंगले उठत होते, कुठे टॉवर. गावातली तरणी पोरं फार्महाऊसवर, नाहीतर माथेरानच्या हॉटेलांत कामाला. आवणीला माणूस मिळेना. नितीन म्हणाला, "आई, मानसंच नायत तर शेत ठेवून करायचं काय?"

काकी म्हणाल्या, "मानसं नाय मिळाली तर शेत इकू म्हंतोस ना? बरं. ज्या साली आवनी अर्धी राहील, त्या साली शेत तुजं. तवर नाव काढायचं नाय."

नितीननं लगेच मान डोलावली. त्याला वाटलं, फार तर एक पावसाळा. वर काकींनी आपणहून सांगितलं, "रस्त्याच्या अंगाला खोल्या बांध." त्याला वाटलं, आई आली बांधकामाच्या वळणावर! त्यानं हौसेनं खोल्या बांधल्या, ग्रॅनाइटसुद्धा बसवलं.

"मला काय म्हाईत," नितीन कपाळाला हात लावून म्हणाला, "ती खोल्या नाय, मानसं पेरत होती!"

*

नदीमभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बायको शबानाभाभी. दोघंही मूळचे म्हसळ्याकडचे. नव्या कॉम्प्लेक्समध्ये नदीमभाई फ्लॅट विचारायला जायचे, नाव सांगायचे आणि फ्लॅट 'कालच गेला' असायचा. कालच गेलेले ते फ्लॅट पुढे वर्षभर रिकामे दिसायचे!

ते फिरत फिरत काकींकडे आले. काकींनी नाव विचारलंच नाही. नेहमीचा प्रश्न विचारला.

नदीमभाई खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "खोटं कशाला बोलू काकी? मणक्याची गादी सरकलीय. डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलंय."

एवढं बोलून त्यांचा चेहरा पडला. सगळीकडे नाव आडवं यायचं, इथे कंबर आडवी आली!

तेवढ्यात मागून शबानाभाभी हळूच म्हणाल्या, "काकी, माझी नाय दुखत."

"आवनी केलीस कधी?"

"लगीन होईपर्यंत दर साल."

खोली मिळाली. आणि आवणीच्या दिवशी आम्ही बघतच राहिलो. भाभींनी रोपांची मूठ हातात घेतली की रोपं आपोआप खाली उतरल्यासारखी रांगेत उभी राहायची. आमची एक ओळ होईपर्यंत त्या शेताच्या पलीकडच्या टोकाला पोचून वळलेल्या असायच्या. नदीमभाई बांधावर छत्रीखाली बसून चहाचं खातं सांभाळायचे. कुणाचा बिनसाखरेचा, कुणाचा आल्याचा, सगळं त्यांना पाठ.

काकींनी दुपारी चिखलातूनच हाक मारली, "नित्या! ह्या बाईची खोली कोनाला देयाची नाय. ती म्हायेरी गेली तरी नाय!"

*

अनिकेत सॉफ्टवेअरवाला. घरूनच काम. त्याला वाटलं, मीटिंग आहे म्हटल्यावर काकी सोडतील. काकी म्हणाल्या, "मिटिंग तोंडानं करतोस ना? हात तर रिकामेच हायत!"

मग काय, कानात हेडफोन, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर उभा केलेला, आणि अनिकेत वाकून रोपं लावतोय. मध्येच साहेबांनी व्हिडिओ चालू करायला लावला. साहेब म्हणाले, "अनिकेत, कुठे आहेस तू?"

अनिकेत म्हणाला, "सर, ऑन फील्ड!"

"व्हेरी गुड! क्लायंटबरोबर आहेस का?"

अनिकेत काही बोलायच्या आत काकींचा आवाज आला, "गप्पा नंतर मार रं भाड्या! तुजी वळ वाकडी चाललीय, उपट आनि परत लाव!"

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "क्लायंट बरोबर बोलतोय. रिडू कर."

*

अकरा महिन्यांच्या कराराची काकींना फार चीड होती. दर वर्षी कुणाचा ना कुणाचा करार नेमका ज्येष्ठात संपायचा आणि ऐन आवणीच्या तोंडावर खोली रिकामी व्हायची. एजंट समजावून थकला. "काकी, कायदा अकरा महिन्यांचा आहे."

"आनि भात चार म्हयन्यांचं हाय. त्याला कोन समजवनार?"

शेवटी एजंटनंच हात टेकले. त्यानं सगळ्यांचे करार अशा बेतानं केले की ते दिवाळीच्या पुढे-मागे संपतील. तो म्हणायचा, "कर्जत तालुक्यात सगळ्यांचे करार इंग्रजी महिन्यानं चालतात, आणि एका चाळीचे पिकावर!"

*

आवणीच्या दिवशी दुपारचं जेवण बांधावरच. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. काकी सगळ्यांना वाढायच्या आणि वाढता वाढता प्रत्येकाच्या ओळीचा निकाल सांगायच्या. महेशला दर वर्षी एकच शेरा मिळायचा, "तुजं भात लातूरकडं तोंड करून उभं हाय."

संध्याकाळी हातपाय इतके भरून यायचे की चमचा धरवत नसे. तरी सगळे मागची दारं उघडून उंबऱ्यावर बसून राहायचे. आपण लावलेलं आपल्याच दारातून दिसतंय, याचं भारी वाटायचं. आता आमचा नेरळला स्वतःचा फ्लॅट आहे. दोन बेडरूम, हवा चांगली, कसली म्हणून तक्रार नाही. पण त्याला मागचं दार नाही. कधी कधी मी स्वयंपाक करता करता वळते आणि समोर भिंत येते. फार आठवण येते त्या उंबऱ्याची.

*

स्वतःचं घर घेणारा पहिला अनिकेत. शेलूला, पाचव्या मजल्यावर. वास्तुशांतीला सगळी चाळ गेली. काकींनी सगळं फिरून बघितलं. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडल्या, बाल्कनीतून खाली वाकून बघितलं. अनिकेतची आई मोठ्या आदरानं म्हणाली, "काकी, पोराला आशीर्वाद द्या."

काकींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "घर लाखात एक हाय. आता लवकर भाड्यानं दे आनि परत ये!"

सगळे हसले. काकी नाही हसल्या. त्या दिवशी परतीच्या गाडीत त्या बोटांवर काहीतरी मोजत बसल्या होत्या. मी ओळखलं. पुढच्या आवणीची माणसं मोजत होत्या.

*

मग एकेक जण गेलाच. नदीमभाईंनी खोपोलीला घर घेतलं, आम्ही नेरळला. कुणाला कुणी घालवलं नाही. प्रत्येकाला आपलं घर हवं होतं आणि ते होत होतं.

आमच्या जागी आले ते शनिवार-रविवारवाले. मुंबईहून येणार, दोन दिवस हवा खाणार, सोमवारी कुलूप. काकींनी त्यांनाही कंबरेचं विचारलं होतं. सगळ्यांच्या कंबरा ठणठणीत! एकजण तर जिमला जाणारा. आवणीच्या आदल्या दिवशी काकींनी फोन लावला, तर तो म्हणाला, "आँटी, येणं नाही जमणार. मी ऑनलाइन पाठवतो."

काकी मला म्हणाल्या, "काय पाठवनार गं तो? मानूस येतो का त्याच्यातून?"

त्या वर्षी आवणीला काकी, शबानाभाभी, मी आणि अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला अनिकेत. महेशला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. नदीमभाई बांधावर होते, पण चहा प्यायला माणसंच नव्हती. भाभी तर जिवाच्या आकांतानं लावत होत्या. एकदाही वर बघितलं नाही त्यांनी. तरी दुपार कलली आणि निम्मं खाचर तसंच पडून राहिलं. उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावर मलूल होऊन पडल्या होत्या.

नितीन रस्त्याच्या कडेला गाडीपाशी उभा होता. काकींनी कंबर सरळ केली, एकदा सगळ्या शेताकडे बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "अर्धी राह्यली. शेत तुजं."

नितीन गडबडला. "आई, तसं काय नाय. पुढच्या वर्षी बघू."

"नाय. शब्द तो शब्द."

मग काय झालं कोण जाणे, नितीननं बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि चिखलात उतरला. मूठ उचलून भराभरा लावायला लागला. त्याला नीट येतही नव्हतं. रोपं आडवी पडत होती. तो परत उभी करत होता, नाक ओढत होता.

काकी त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या हातातली मूठ काढून घेतली.

"खोल्या बांधल्यापासनं पयल्यांदा उतरलास रं बाबा," त्या म्हणाल्या, "आनि आलास तो बी उशिरा."

मी तिथे आणखी थांबू शकले नाही. पाय धुवायच्या निमित्तानं मोरीकडे गेले आणि पोटभर रडून घेतलं.

*

आता तिथे कॉम्प्लेक्स आहे. चाळही गेली, शेतही गेलं. काकींना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. परवा पावसाळ्यात त्यांची घरभरणी झाली. आम्ही सगळे गेलो. शबानाभाभी ठेवणीतला ड्रेस घालून, महेश पुन्हा इस्त्रीच्या शर्टात.

काकी नव्या सोफ्यावर पाहुण्यासारख्या अवघडून बसलेल्या. कोण काय बोलतंय याकडे लक्ष नव्हतं. प्रसाद वाटून झाला तशा बाल्कनीत गेल्या. खाली पार्किंग आणि कंपाउंडच्या मध्ये मातीचा एक पट्टा मोकळा सोडला होता. त्यात माळी आणि दोन बाया वाकून काहीतरी लावत होत्या. काकी बाल्कनीतूनच ओरडल्या, "काय लावताय रं?"

"लॉन, आजी!"

काकी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली. त्यांच्यामागे आम्ही. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी नवं लुगडं खोचलं होतं आणि गवताचा गड्डा फोडून हातात घेतला होता. शबानाभाभींनी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली. अनिकेत उतरला. महेशनं शर्टाच्या बाह्या सरसावल्या. मी पदर खोचला. नदीमभाईंनी पार्किंगच्या कठड्यावर बसून वरच्या मजल्याकडे बघत चहाची ऑर्डर दिली. बाल्कन्या भरल्या, मोबाइल निघाले. कुणीतरी विचारलं, "सोसायटीचा काही इव्हेंट आहे का?"

पट्टा तो केवढा! बघता बघता झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे बोटभर मोकळी जागा नाही. काकी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चिखल कपाळापर्यंत उडालेला. चेहरा असा काही फुलला होता की मला वाटलं, आवणी पुरी झाली, आता पुढचं बोलणंच नको.

पण काकींनी माळ्याला विचारलं, "कापनी कधी?"

"पंधरावीस दिवसांनी, आजी. मग दर पंधरा दिवसांनी करायचीच. मशीननं."

"दर पंधरा दिसांनी कापनी?" काकींचा विश्वास बसेना. "आनि कापलेल्याचं काय करायचं?"

"त्याचं काय करायचं? टाकून देयाचं."

काकी माळ्याकडे बघत राहिल्या. मग गवताकडे. मग पार्किंगमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांकडे, त्यातल्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे. नितीन फ्लॅटच्या चाव्या हातात घेऊन घाईघाईनं खाली आला होता. "आई, चल वर. पावनं खोळंबलेत."

काकींनी लुगड्याला हात पुसले.

"नित्या," त्या म्हणाल्या, "म्हस बघ एखादी."